दिव्यांग साहाय्य जमा होणारे खाते कर्जापासून वेगळे ठेवा

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (गोवा सरकारची मासिक साहाय्य योजना) किंवा इतर सरकारी साहाय्य ज्या खात्यात येते, त्याच बँकेत तुमचे कर्ज नसलेले बरे. हप्ता थकला की बँक करारातील अटीनुसार बचत खात्यातली रक्कम वळती करू शकते. पैसा कुठून आला हे संगणक बघत नाही! शेजाऱ्याच्या किंवा भावाच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तरी हाच धोका.

म्हणून दुसऱ्या बँकेत मूलभूत बचत खाते उघडा. त्यात किमान शिल्लक लागत नाही आणि महिन्याला निदान ४ वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात. मात्र त्याच बँकेत आधीचे साधे बचत खाते असेल तर ते ३० दिवसांत बंद करावे लागते. नवा खाते क्रमांक आधी समाजकल्याण विभागाकडे नोंदवा, साहाय्याचा एक हप्ता नव्या खात्यात जमा झालेला बघा, मगच जुने खाते मिटवा. घाईत उलटे केले की साहाय्य अडकते. नव्या खात्यावर कर्जाच्या हप्त्याची स्वयंचलित वजावट लावू नका. कर्ज अर्थातच फेडायचे राहतेच.

वसुलीवाल्याने सकाळी ८ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन केला तर बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येते.

कराचे थोडक्यात: दिव्यांग व्यक्तीला करपात्र उत्पन्नातून मिळणारी वजावट (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०यू) ४० टक्के दिव्यांगत्वापासून ७५,००० आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये, पण फक्त जुन्या करप्रणालीत.