एचआयव्हीबद्दल बायका-मुलींशी बोलताना या चुका टाळा

‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, एड्स टाळा.’ बचत गटाच्या बैठकीत किंवा आरोग्य शिबिरात माहिती द्यायला उभं राहिलं की सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. ऐकणारी लग्न झालेली बाई मनात म्हणते, मी तर एकनिष्ठ आहे, म्हणजे हा विषय माझा नाही. आपल्याकडे विवाहित बायकांना लागण होते ती बहुतांशी नवऱ्याकडूनच, आणि असुरक्षित संबंधात पुरुषाकडून बाईला लागण होण्याची शक्यता उलट दिशेपेक्षा जास्त असते. तेव्हा सरळ सांगा: तुमचं वागणं कितीही नीट असलं तरी नवऱ्याला लागण असेल तर ती तुमच्यापर्यंत येऊ शकते, म्हणून दोघांनीही तपासून घ्या.

जिला आधी कळलं, तिलाच आधी झालं असं समजू देणं

ही चूक मला सगळ्यांत घातक वाटते, कारण तिच्यापायी संसार मोडतात. गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी नाव नोंदवतानाच होते. नवऱ्याची मात्र तोवर कधीच झालेली नसते. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सासू म्हणते, ‘हिनेच आणलं माहेराहून.’ नवरा तपासणीलाच येत नाही, आणि सातव्या महिन्यात बाई माहेरी पाठवली जाते.

यावर बोलायचं ते रिपोर्ट यायच्या आधी, आणि सासूच्या समोर. तपासणी आधी तिची झाली म्हणून आजार तिच्यापासून सुरू झाला असं ठरत नाही, हे आशाताईंनी पहिल्याच गृहभेटीत सांगावं आणि नवऱ्यालाही त्याच दिवशी तपासणीला बोलवावं.

बायकांना कायदाही सांगा. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. समजावून, संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही. लागण आहे म्हणून बाईला राहत्या घरातून काढता येत नाही. आणि नवऱ्याला सांगितल्यास तिला मारहाण होईल किंवा टाकून दिलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरांनी त्याला सांगायचं नाही, हेही त्यात लिहिलं आहे. ही शेवटची तरतूद फार थोड्या बायकांपर्यंत पोहोचली आहे.

कवटी आणि हाडांचे सापळे दाखवणं

असली चित्रं पाहून बाई तपासणीला जात नाही, रिपोर्ट लपवते. तिच्या मनातला खरा प्रश्न असतो, ‘बाळाला होईल का?’ त्याचं उत्तर द्या. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. आईची औषधं वेळेवर सुरू झाली आणि बाळालाही औषध दिलं तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. औषधं सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रात, मोफत मिळतात, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

एक गोष्ट घरातल्या मोठ्या बायकांना मुद्दाम सांगावी लागते. आई औषधावर असताना बाळाला पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्यायचं. बाळगुटी, मध, वरचं दूध, पाणी काहीही नको. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं द्यायचं. अंगावरच्या दुधासोबत वरचं काही दिलं की बाळाच्या लागणीचा धोका वाढतो.

शाळेत फक्त सुई आणि रक्त

शरीरसंबंधाचा शब्द टाळायचा म्हणून शिक्षक सुई आणि ब्लेडवरच थांबतात. मग मुलींना डासाची, डब्याची, शौचालयाची भीती बसते. यांतल्या कशानेही एचआयव्ही पसरत नाही. बिननावाच्या चिठ्ठ्या गोळा करा, खरे प्रश्न त्यांतूनच येतात. मुलग्यांचाही तास घ्या, नाहीतर सगळी जबाबदारी मुलींच्याच गळ्यात पडते.

लैंगिक अत्याचार झाला तर 72 तासांच्या आत, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालयात पोहोचायचं, हे प्रत्येक मुलीला माहीत हवं. लागण टाळण्यासाठी 28 दिवसांची औषधं असतात. पोलिसांचा कागद हातात नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

एक निगेटिव्ह रिपोर्ट आणि निश्चिंत

लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसेपर्यंत तीन महिनेही जाऊ शकतात. नुकताच धोका झाला असेल तर पुन्हा तपासा.

‘कुणाला तपासायचंय, हात वर करा’

चारचौघींत कुणीच हात वर करत नाही, आणि जिने केला तिच्याबद्दल संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा होते. त्याऐवजी आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाचं केंद्र, रुग्णालयाच्या कुठल्या खोलीत आहे, किती वाजता उघडतं, हे सगळ्यांनाच सांगा. तपासणी आणि समुपदेशन मोफत असतं, माहिती गुप्त ठेवली जाते. गावातल्या केंद्रात ओळखीचं माणूस असेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या केंद्रातही जाता येतं. आणि 1097 हा मोफत क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. तिथे फोन करून नाव न सांगताही विचारता येतं.