घराला हरकत आली तर आधी मोजणी मागवा

2022 साली सिंधुदुर्गात आमच्या वाडीवर घरासाठी चिरा (जांभ्या दगडाच्या विटा) उतरवला आणि आठवड्याभरात चुलतदिरांची हरकत ग्रामपंचायतीत गेली : वहिवाटीची पायवाट अडते. तिथं मला तोंडीच सांगितलं, "परवानगी मिळायची नाही."

तोंडी नकार घेऊन कधीही घरी येऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि नकार कारणासकट लेखी मागा. आमचं लेखी कारण भलतंच निघालं : जागा गावठाणाबाहेर. पायवाटेचं नावच नव्हतं. म्हणजे वाद दोन, एक नियमाचा, एक भाऊबंदकीचा. दोन्ही एका बैठकीत घातलेत तर एकही सुटत नाही.

नियमाचं आधी. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड मुळे तेव्हा, म्हणजे 2022 साली, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली आणि प्रादेशिक योजनेत रहिवासासाठी दाखवलेली जमीन अकृषिक, म्हणजे बिगरशेती, मानली जात होती. रूपांतर कर भरावा लागत होता, वर्ग-2 (सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी) जमीन असेल तर नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कमही. म्हणून नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जमीन योजनेत कशासाठी दाखवली आहे त्याचा) काढला आणि भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाकला.

मोजणीची नोटीस प्रत्येक लगतधारकाला गेली ना, हे स्वतः बघा. हरकत घेणाऱ्याला तर हाताला धरून आणा. मी दिरांना आणलं. गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, हीच हद्द असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. करवंदाची जाळी तोडली तेव्हा हद्दीचा जुना दगड मिळाला, गडग्याच्या पलीकडे तीन हात. वाट आमच्याच जागेत होती. दीर काही बोलले नाहीत, दगडावरची माती हातानं पुसत राहिले. मी तिथंच म्हटलं, "भावोजी, वाट मी बंद करणार नाही. पाच फूट सोडते, घराच्या नकाशात दाखवते. तुम्ही हरकत मागं घ्या."

हे मात्र स्टँपपेपरवर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, मोजणीच्या 'क' प्रतीसोबत (मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा) फाइलला लावा. शब्दावर ठेवलेली वाट पुढच्या पिढीत पुन्हा भांडणाला येते.

समेट नाहीच झाला तर तारखा सांभाळा. तहसीलदारांच्या आदेशावर अपील 60 दिवसांत. नगररचना अधिनियमाखाली बांधकाम परवानगी नाकारली असेल तर कलम 47 प्रमाणे, आदेश कळल्यापासून 40 दिवसांत. आणि परवानगी हातात येईपर्यंत जोत्याचा एकही चिरा बसवू नका. आमचा ढीग अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली होता.