'प्राइड अँड प्रेज्युडिस' पहिल्यांदा वाचताना आधी पैसे मोजा

वाचनालयात काम करत असल्यामुळे "जुनी प्रेमकथा वाचायचीय, कुठून सुरू करू?" हा प्रश्न मला नेहमीचाच. मी जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' काढून देते आणि वर सांगते, प्रेम शोधत बसू नका, आधी पैसे मोजा. काहींचा चेहरा पडतो. पडू दे.

पात्रामागोमाग त्याची मिळकत येते, तशी ती कागदावर टिपत चला. नवा शेजारी बिंग्ली, त्याचे वर्षाला चार-पाच हजार पौंड; त्याचा मित्र डार्सी, त्याचे १०,०००. नायिका एलिझाबेथच्या बेनेट कुटुंबाच्या जमिनीचं उत्पन्न २,०००, पण ती जमीन मुलींना मिळायची नाही. वडील गेले की सगळं कॉलिन्स नावाच्या नातलगाकडे. घरात पाच मुली, एकीचंही लग्न ठरलेलं नाही. आता मिसेस बेनेटचा आरडाओरडा वाचा. बाई उथळ आहेत यात वाद नाही, पण त्यांची भीती खोटी नाही. पुढे एलिझाबेथची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट त्याच कॉलिन्सला होकार देते, तेव्हा नवे वाचक हमखास चिडतात. चिडण्याआधी टिपलेले आकडे पाहा.

नावांचा घोळ होतो. 'मिस बेनेट' म्हणजे थोरली बहीण जेन. एलिझाबेथ ही मिस एलिझाबेथ, इलायझा, लिझी, काहीही असू शकते. आणि जेन सोबत नसली की तीच 'मिस बेनेट' होते.

चालीरीतींपैकी दोनच माहीत असल्या तरी पुरे. नव्या शेजाऱ्याकडे आधी घरच्या पुरुषानं जायचं, मगच बायकांची ओळख. म्हणून सुरुवातीला मिस्टर बेनेट बायकोला इतकं छळू शकतात. आणि नाचाला एकाला नकार दिला की त्या रात्री मुलीनं दुसऱ्या कुणाबरोबर नाचायचं नाही. कॉलिन्स समोर येऊन उभा राहतो तेव्हा एलिझाबेथची काय पंचाईत होते, ते यावरून कळेल.

प्रस्तावना शेवटी वाचा. अभ्यासक मंडळी कोण कुणाशी लग्न करतं ते तिथे बिनदिक्कत सांगून मोकळी होतात.

१८१३ साली ही कादंबरी तीन खंडांत निघाली. एकूण प्रकरणं ६१: पहिल्या खंडात २३, पुढच्या दोन्हींत १९-१९. थांबायचं तर खंड संपल्यावर थांबा. कॉलिन्सची लांबलचक वाक्यं मोठ्यानं वाचली तर हसू येतं, मनात वाचली तर झोप येते.

३४ ते ३६ ही प्रकरणं मात्र एका बैठकीत वाचायची. ३४व्यात डार्सी मागणी घालतो आणि ती मागणी कमी, अपमान जास्त वाटते. ३५व्यात त्याचं पत्र. ३६व्यात एलिझाबेथ ते पत्र कसं वाचते, तिकडे लक्ष ठेवा. आधी ती घाईघाईनं वाचते, काहीच मानायला तयार नसते, घडी घालून पत्र ठेवून देते. अर्ध्या मिनिटात ते पुन्हा उघडलेलं असतं. मग विकम या तरुण लष्करी अधिकाऱ्याबद्दलचा मजकूर ती वाक्यावाक्याला थांबून वाचते आणि तिला आठवतं, की पहिल्याच गप्पांत या माणसानं एका अनोळखी मुलीला आपली सगळी खासगी कर्मकहाणी ऐकवली होती. इथे पुस्तकात बोट घालून १६व्या प्रकरणाकडे मागे जा. ती गप्पांची संध्याकाळ तिथेच आहे, शब्दन् शब्द. लेखिकेनं काही लपवलेलं नव्हतं. विकम दिसायला छान, बोलायला गोड, म्हणून आपणही एलिझाबेथसारखेच मान डोलवत पुढे गेलो. एवढा भाग नीट वाचला तर उरलेलं पुस्तक हातातून सुटत नाही.

तिसऱ्या खंडाची सुरुवात पेंबर्लीला, डार्सीच्या वाड्यात होते. घरातली जुनी कारभारीण डार्सीबद्दल काय सांगते, ते गाळू नका.

शेवटी धो धो संवादांची वाट पाहत असाल तर सावध करते. ५८व्या प्रकरणात एलिझाबेथ होकार देते, पण तिचे शब्द ऐकू येत नाहीत. तिचं मन बदलल्याचं तिनं त्याला कळवलं, एवढंच निवेदक सांगतो. काही वाचक यावर रुसतात. मला ते आवडतं.

पुढची म्हणून ऑस्टिनचीच 'पर्सुएशन' न्या. प्रकरणं फक्त २४. त्यातही एक पत्र आहे, २३व्यात. चाळताना तिथे पोचू नका.