कार्बन उत्सर्जनाचे आकडे वाचताना या चुका टाळा

नागपुरात उत्सर्जनाचा विषय निघाला की बोट कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांकडे जाते. परंतु डोळ्यांना दिसतात ते राखेचे कण आणि वाफ. पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड रंगहीन असतो. म्हणून प्रदूषण आणि उत्सर्जन हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणे ही सर्वांत रुजलेली चूक होय. राख किंवा सल्फर डायऑक्साइड अडवणाऱ्या यंत्रणेमुळे आसपासच्या गावांची हवा सुधारते आणि ते आवश्यकच आहे. मात्र कोळसा जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड तिने कमी होत नाही. उलट चुनखडी वापरून गंधक शोषले, तर त्या रासायनिक प्रक्रियेत थोडा कार्बन डायऑक्साइड नव्याने तयार होतो.

दुसरी गफलत एककाची. १२ किलो कार्बन पूर्ण जळाला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यामुळे एका अहवालात ‘टन कार्बन’ आणि दुसऱ्यात ‘टन कार्बन डायऑक्साइड’ असेल, तर पहिला आकडा ३.६७ ने गुणल्याशिवाय तुलना करू नये.

‘टन कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ यातला ‘समतुल्य’, म्हणजे इतर वायूंचा ताप कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजणे, हा शब्द तर बहुतेक वाचक ओलांडूनच जातात. भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगात ओला कचरा हवेविना कुजून मिथेन तयार होतो. १०० वर्षांच्या हिशेबाने एक टन मिथेन सुमारे २८ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक ठरतो, तर २० वर्षांच्या हिशेबाने ८० टनांहून अधिक. मिथेन वातावरणात साधारण १२ वर्षेच टिकत असल्याने हा फरक पडतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत. कालावधी न सांगता त्यांतला सोयीचा तेवढा निवडणे चुकीचे.

भारताने २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ४५ टक्के घट जाहीर केली आहे, ती उत्सर्जन-तीव्रतेतली, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक रुपयामागील. अर्थव्यवस्था वाढली तर एकूण उत्सर्जन वाढूनही हे उद्दिष्ट गाठता येते, त्यामुळे ‘उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटणार’ हा मथळा दिशाभूल करतो. २०७० चे ‘नेट झिरो’ म्हणजेही धूर बंद नव्हे, तर जेवढे उत्सर्जन उरेल तेवढे शोषून घेणे.

राहता राहिली विजेची स्कूटर. ‘शून्य उत्सर्जन’ हे वर्णन तिच्या सायलेन्सरपुरते, तोही तिला नसतोच. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. स्कूटर ३ युनिटांत चार्ज झाली, तर सुमारे २ किलोंची नोंद वीजनिर्मितीच्या खाती पडते.