‘माझ्या मते’ लिहून सुटका होत नाही : बदनामीच्या बाबतीत या चुका टाळा

वाक्याआधी ‘माझ्या मते’ लावलं की कायदा जवळ फिरकत नाही, असा पुण्यात पक्का समज आहे. ताईतच जणू! शिवाजीनगर कोर्टात नोटिशीचा कागद हलवत येणारे बहुतेक जण हाच ताईत दाखवतात.

कोथरूडच्या एका सोसायटीतल्या काकांनी ग्रुपवर लिहिलं, ‘माझ्या वैयक्तिक मते सेक्रेटरींनी वॉटरप्रूफिंगमध्ये पैसे खाल्ले.’ अहो, पैसे खाल्ले की नाही याचा खऱ्या-खोट्याचा निवाडा होऊ शकतो, म्हणजे हा सरळ आरोप झाला. पुरावा विचारला तर ‘सगळेच म्हणतात’. साक्षीचा विषय निघाला आणि सगळे गावाला गेले! शेवटी त्याच ग्रुपवर लेखी माफी टाकून प्रकरण मिटलं. गंमत म्हणजे कमिटीने एकच कोटेशन घेतलं होतं, हे मिनिट्समध्येच होतं. ‘एकाच कोटेशनवर काम दिलं, हा कारभार मला भोंगळ वाटतो’ एवढं लिहिलं असतं तर तथ्य खरं, विषय सभासदांच्या हिताचा आणि मत उघडपणे मत. नोटिशीत फारसा दम उरला नसता. ‘मिसळ बेचव’ हे मत, ‘शिळी उसळ घालतात’ हा आरोप.

मी प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ‘कशावरून?’ लिहितो. उत्तराचा कागद हाताशी नसेल तर वाक्य कापतो. यूट्यूबवरून डिस्क्लेमर उतरवणाऱ्यांना एवढा धीर नसतो.

‘खरं आहे ना, मग झालं’ हेही अर्धवट. दिवाणी दाव्यात सत्य हा पुरता बचाव असतो. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली (1 जुलै 2024 पूर्वीचं भारतीय दंड विधान, म्हणजे भादंवि, 499-500), सत्याच्या जोडीला लोकहितही दाखवावं लागतं. शेजाऱ्याच्या घरातल्या भानगडीत कसलं आलंय लोकहित? शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा.

टोमणा सुरक्षित समजू नका. उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. नाव गाळून ‘बी विंग, तिसरा मजला’ लिहिणंही व्यर्थ. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ याचंही तेच.

उलट बाजूची, म्हणजे बदनामी झालेल्याची, घाई म्हणजे चौकीत धावणं. गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपासाला लागत नाहीत, तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे करायची असते. दिवाणी दाव्याची मुदत एकच वर्ष.

आणि नोटीस आलीच तर मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट समोरच्याकडे असतोच. उत्तरही स्वतः रागारागाने टाइप करू नका. त्या उत्तराची प्रत अख्ख्या सोसायटीला पाठवून नवी बदनामी करणारे महाभाग मी पाहिले आहेत.