मेलस्ट्रॉम: गोळी नंतर, आधी यान थांबवायला शिका

मेलस्ट्रॉम म्हणजे अवकाशात यान फिरवत दगड फोडायचा जुना कॉम्प्युटर गेम. चवथीला गोव्यात चोडणच्या घरी जमणाऱ्या प्रत्येक भाच्याला मी त्याची पहिली फेरी एकही गोळी न झाडता खेळायला लावते. कुरकुर होते, पण पोरं तयार होतात ती याच सवयीने.

डावा-उजवा बाण यान वळवतो, वरचा बाण रेटा देतो, टॅबने गोळी, स्पेसबारने ढाल. ब्रेकची कळ मात्र नाही. एकदा रेटा दिला की यान त्याच दिशेने तरंगत राहतं. थांबायचं तर तोंड उलट दिशेला वळवून तितकाच रेटा द्यावा लागतो, आणि तोही वेळेआधी. रायबंदरची फेरीबोट बघा, धक्का लांब असतानाच वेग मारायला लागते. तसंच. हे बोटांत बसेपर्यंत बाकी काही शिकू नका.

ही चाल मुळात अटारीच्या १९७९च्या ॲस्टेरॉइड्स या गेमची. अँड्र्यू वेल्शने १९९२मध्ये ती मॅकिंटॉशवर आणली, तीही शेअरवेअर म्हणून: खेळून बघा, आवडला तर पैसे पाठवा. पुढे सॅम लँटिंगाने हा गेम लिनक्सवर नेला. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या संग्रहात आजही याच नावाने सापडतो. विकणाऱ्याने खेळणाऱ्यावर एवढा विश्वास टाकावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता गोळी. समोर येईल तो दगड फोडत सुटलात तर पडदाभर बारीक, वेगवान तुकडे होतात आणि पळायला जागा उरत नाही. एक मोठा दगड धरा, त्याचे सगळे तुकडे संपवा, मगच दुसऱ्याला हात घाला. पोलादी दगडावर गोळ्या वाया घालवू नका. तो फुटण्याऐवजी बहुतेक वेळा ढकललाच जातो. अर्थात अंगावर येत असेल तर तेवढंही पुरतं. तरंगता डबा दिसला तर त्याला यानाने शिवायचं. गोळी लागली तर आतलं बक्षीस गेलं. बोनस वाढवणारा गुणक मात्र गोळीनेच टिपायचा. डब्यातून यानाचा वेग आपोआप मारणारा एअर ब्रेक निघाला तर नशीबच म्हणा.

ढालीचा साठा मोजका असतो. कळ दाबून धरू नका, टक्कर होणार असं दिसलं की तेवढ्यापुरती टिचकी मारा.

स्वस्तातल्या कीबोर्डवर दोन बाण आणि टॅब एकदम दाबले की कधी कधी गोळी सुटतच नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन गोळीची कळ कंट्रोलवर न्या.