‘लिटल फॉरेस्ट’ सावकाश वाचण्यासाठी

माझ्याकडचं हे पुस्तक आजवर बऱ्याच जणांनी वाचायला नेलं. बहुतेकांनी एका रात्रीत संपवलं, ‘छान आहे गं, शांत वाटलं’ म्हणाले आणि परत दिलं. मला दर वेळी चुटपुट लागते. इगाराशी दाइसुके यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, दोनच खंडांची आहे, त्यामुळे एका बैठकीत संपतेही. पण तशी वाचली की त्यातलं निम्मं निसटतं. म्हणून मी ती कशी वाचते ते सांगते.

आधी थोडी ओळख. जपानच्या ईशान्येला, तोहोकू भागात, कोमोरी नावाची एक वाडी. इचिको नावाची मुलगी शहरात राहून पाहते, तिथे जमत नाही आणि ती परत येते. घरात एकटी. आई काही वर्षांपूर्वी, इचिको शाळेत असतानाच, घर सोडून गेलेली. वाडीत दुकान नाही. सायकलवरून उतारानं बाजाराला जायला अर्धा तास, येताना सगळा चढ. म्हणून भात, भाज्या, पाव, जॅम, सगळं स्वतः पिकवायचं नाहीतर करायचं. प्रत्येक प्रकरण एकेका पदार्थाचं. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘आफ्टरनून’ मासिकात 2002 ते 2005 या काळात ती क्रमशः आली. इगाराशी स्वतः तोहोकूतल्याच इवाते प्रांतात राहून शेती करत होते, आणि ते चित्रांत कळतं. कुदळ कशी धरायची हे ज्याला माहीत आहे, त्यानं काढलेले हात आहेत ते.

मी पुण्यात जपानी कागदपत्रांची भाषांतरं करते, त्यामुळे मूळ जपानीच वाचते. तुमची एन-थ्रीची (जपानी भाषेच्या परीक्षेतली मधली पातळी) तयारी झाली असेल तर शब्दकोश जवळ ठेवून जमेल. अडतं ते रानभाज्यांच्या नावांवर. तिथे शब्दाचा अर्थ शोधण्यापेक्षा नाव टाकून फोटो शोधा. वसंताच्या भागातला ‘बाक्के’ हा शब्द प्रमाण जपानीत ‘फुकिनोतो’ होतो. बर्फ वितळताना जमिनीतून वर येणारी कडसर कळी, ती मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात) परतून चटणीसारखी करतात. फोटो बघितला की पान उघडतं. जपानी येत नसेल तर याच नावाच्या दोन जपानी चित्रपटांपासून सुरुवात करा: ‘उन्हाळा-शरद’ 2014 मध्ये आणि ‘हिवाळा-वसंत’ 2015 मध्ये आला. मोरी जुनइची यांचं दिग्दर्शन, इचिकोच्या भूमिकेत हाशिमोतो आइ, चित्रण इवातेतल्याच ओशू भागातलं. 2018चा कोरियन चित्रपटही गोड आहे, पण तो पुष्कळ मऊ केलेला आहे. तो नंतर बघा.

मांगा पहिल्यांदाच हातात घेत असाल तर पान उजवीकडून डावीकडे वाचायचं, चौकटीतले फुगेही तसेच. दोन दिवसांत सवय होते.

आता वेळापत्रक. एका वेळी एकच प्रकरण, आणि शक्यतो त्या-त्या ऋतूत. सुरुवातीला इचिको ऐन उन्हाळ्यात लाकडांची शेगडी पेटवते. का? तिथल्या उन्हाळ्यात पावसाळी दमटपणा इतका की घरात बुरशी धरते, आणि घर वाळवायला दुसरा उपाय नाही. मग शेगडी पेटलीच आहे तर तिच्या आत पाव भाजून घेते. हे प्रकरण मी मे महिन्यात वाचलं तेव्हा नुसतं गोड वाटलं होतं. पुढे जुलैत वाचलं. आठ दिवस ऊन नव्हतं, कपाटातल्या सुती साड्यांना वास यायला लागला होता, चामड्याच्या पर्सवर पांढरी बुरशी चढली होती. तेव्हा ती शेगडी का पेटवते ते अंगाला कळलं.

दुसरं, आईचा धागा सोडू नका. तो पदार्थांच्या आड ठेवलेला आहे. लहानपणी इचिकोला वाटायचं, वूस्टर सॉस हा आपल्या आईनंच शोधलेला प्रकार आहे. दुकानात बाटली दिसते तेव्हा तिला कळतं. माझं सगळ्यात आवडतं प्रकरण परतलेल्या पालेभाजीचं. आई करायची ती भाजी कुरकुरीत, इचिकोची मात्र दोऱ्यादोऱ्यांची. आई कामचुकार आहे असं ती कायम समजत आलेली. मग एक दिवस देठ सोलताना लक्षात येतं, आई प्रत्येक देठाच्या शिरा काढायची. आपण घेवड्याच्या काढतो तशा. पुढे काही बोलणं नाही, रडणं नाही. हे पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवते, त्या दिवशी पुढचं वाचत नाही.

तिसरं, प्रत्येक ऋतूत एक तरी पदार्थ हातानं करा. सगळ्यात सोपा हिवाळ्यातला ‘हित्त्सुमी’. इवातेकडचा हा पदार्थ, तिथल्या बोलीत चिमटून तोडणं यावरून हे नाव पडलं. आपल्या वरणफळांचा लांबचा भाऊच म्हणा, फक्त डाळीऐवजी पातळ रस्सा. मी पहिल्यांदा नुसत्या कणकेचा केला, तर तुकडे ताणताना फाटले आणि रस्सा गढूळ झाला. आता एक वाटी मैदा, एक वाटी कणीक, चिमूटभर मीठ, कोमट पाणी घेते. पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. ही उपमा जपानी बायकांची, आणि ती अचूक आहे. मग ओल्या फडक्याखाली दोन तास. हे दोन तास गाळू नका. इचिको तेवढ्यात बाहेर जाऊन बर्फ उपसते आणि येते तेव्हा पीठ तयार असतं. रस्सा म्हणजे भिजवलेली सुकी शिताके अळिंबी तिच्या पाण्यासकट, मुळा, गाजर, कांद्याची पात, सोया सॉस. उकळी आली की हात ओले करून पिठाचा गोळा दोन्ही अंगठ्यांनी ताणायचा, पलीकडचं बोट पुसटसं दिसेपर्यंत, आणि तोडून आत सोडायचा. वर तरंगला की शिजला. (त्याच हिवाळ्यात इचिको चपात्याही लाटते. जपानी पुस्तकात चपाती बघून मला उगाच भरून आलं होतं.)

आता जे बहुतेक जण भरभर उलटतात ते: भातातलं तण, कीड, बर्फ, लाकडं फोडणं. ही पानं सर्वांत हळू वाचा. मी पहिला खंड भोरकडे माझ्या आत्याकडे नेला होता. तिचं भाताचं खाचर आहे, आयुष्य इंद्रायणी लावण्यात गेलंय. तिला जपानी अक्षरं शून्य. चष्मा लावून तिनं खाचरातल्या इचिकोचं चित्र बराच वेळ बघितलं, वाकलेल्या पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “कंबर गेली आसंल पोरीची.” मग पुढची दोन-तीन पानं उलटून विचारलं, “हिच्या मदतीला कुणीच न्हाई व्हय गं?”

तेव्हा मी राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलेलं होतं. गावाकडे जाऊन राहायचं, एवढंच ठरलं होतं. आत्याच्या प्रश्नानंतर मी पुस्तक परत पहिल्यापासून वाचलं, या वेळी फक्त माणसं बघत: कधीच गाव न सोडलेली किक्को, शहरातून परत आलेला युता, भाजी आणून देणाऱ्या म्हाताऱ्या. युता इचिकोला एका ठिकाणी सरळच सांगतो की तू इथे आलीस खरी, पण महत्त्वाच्या गोष्टीपासून पळतेच आहेस. शहर सोडायचं मनात असेल त्यानं ते पान दोनदा वाचावं. पत्र मी पाठवलं नाही, फाडलंही नाही.

शेवट सांगत नाही. दुसरा खंड मात्र उन्हाळा येईपर्यंत उघडू नका, आणि मधल्या काळात गावाकडे कुणी असेल तर लावणीच्या दिवसांत चार दिवस जाऊन या. यंदा मी जुलैत आत्याकडे जाणार आहे. रोपं उपटून मुठी बांधायचं काम तिनं मला दिलंय, लावायला मात्र अजून देत नाही.